बंदर डोळ्यांसमोर होते, तरी...

स्कॉटलंडच्या आग्नेय किनाऱ्यावर, इंग्लंडच्या सीमेपासून जेमतेम आठ किलोमीटरवर आयमाउथ नावाचे कोळ्यांचे गाव आहे. आय नावाची छोटीशी नदी येथे उत्तर समुद्राला मिळते, म्हणून गावाचे नाव आयमाउथ, म्हणजे आयचे मुख. बाजूला उंच कडे, मध्ये चिंचोळे बंदर आणि त्याच्या तोंडाशी हर्कर नावाचे खडक. या गावाला समुद्राने जे दिले ते याच वाटेने आणि जे हिरावून नेले तेही याच वाटेवर.

मासेमारी हा येथे एकट्या पुरुषाचा धंदा कधीच नव्हता. पुरुष हॅडॉक पकडायला जात, पण लांबलचक दोरांच्या शेकडो गळांना शिंपल्यांचे आमिष लावायचे ते घरातल्या बायकांनी. थंडीने बधिर झालेल्या बोटांनी आई गळ भरी आणि शेजारी बसून मुली शिकत.

अशा कष्टांनी मिळालेल्या मासळीचा दहावा हिस्सा चर्चला द्यावा लागे. या कराविरुद्ध विल्यम स्पिअर्स या कोळ्याच्या नेतृत्वाखाली गाव अनेक वर्षे लढले. अखेर १८६०च्या दशकात मोठी रक्कम मोजून त्यातून सुटका झाली. बंदर मात्र उथळच राहिले. होड्यांना भरती-ओहोटी पाहूनच ये-जा करावी लागे. ते सुधारायला हवे, हे सर्वांना कळत होते, पण पैशाचे गणित जुळत नव्हते.

१४ ऑक्टोबर १८८१, शुक्रवार. कित्येक दिवस खराब हवेमुळे होड्या बांधून ठेवलेल्या. त्या सकाळी ऊन पडले, समुद्र शांत दिसला. वायुभारमापकाचा पारा मात्र खूप खाली होता. तरीही होड्या निघाल्या, कारण घरात चूल पेटवायची होती. दुपारी एकाएकी आभाळ काळवंडले आणि भयंकर वादळ सुटले. बहुतेकांनी घराकडे शिडे वळवली. काही होड्या बंदराच्या तोंडाशी येऊन खडकांवर आपटल्या. काठावर उभ्या असलेल्या बायका-मुलांच्या डोळ्यांदेखत आपली माणसे बुडाली. खुल्या समुद्रातच तग धरून राहिलेली एरियल गझेल ही होडी मात्र नंतर सुखरूप परतली.

त्या दिवशी या किनारपट्टीवरचे १८९ कोळी गेले. त्यांपैकी १२९ एकट्या आयमाउथचे होते. देशभरातून मदतनिधी जमला, पण वडील आणि भाऊ एकाच दिवशी गमावलेल्या मुलांना तो काय भरून देणार?

दुर्घटनेला शंभर वर्षे झाली तेव्हा, १९८१ साली, गावातल्या चोवीस स्त्रियांनी त्या दिवसाची आठवण भरतकामात गुंफली. ते भव्य चित्र त्यांनी गावासाठी तयार केले. १९३९ पासून येथे दरवर्षी एका शाळकरी मुलीला 'हेरिंग क्वीन' म्हणून निवडले जाते आणि ती होडीतूनच बंदरात येते.

आज या बंदरातून खेकडे आणि शेवंडांच्या मासेमारीबरोबरच समुद्रातल्या पवनचक्क्यांच्या देखभालीसाठीही बोटी निघतात. वाऱ्याने उद्ध्वस्त केलेल्या गावाला आता वाराच रोजगार देतो. वादळ थोपवणे कोणाच्याच हाती नसते. बंदर सुरक्षित करणे मात्र माणसांच्या हाती असते आणि ते काम लांबणीवर पडले की त्याची किंमत काठावर वाट पाहणाऱ्यांनाही मोजावी लागते.