नेमके अडते कुठे?

२०२३ च्या एप्रिलमध्ये, तुरीची आवक ओसरून मोंढ्यात जरा उसंत मिळाली तेव्हा, गेवराईतील एका आडत दुकानदाराच्या धाकट्या मुलाने घरात बारा हजार रुपये मागितले. त्याची बारावीची परीक्षा नुकतीच संपली होती. पैसे हवे होते संगणकाच्या नव्या प्रोसेसरसाठी, आणि प्रोसेसर हवा होता खेळ सुरळीत चालावेत म्हणून. अभ्यासाचे नाव त्याने पुढे केले नाही, एवढे श्रेय त्याला दिले पाहिजे.

वडिलांनी लगेच नकार दिला नाही. दुकानात नव्या खर्चाची गोष्ट निघाली की जे विचारतात, तेच त्यांनी विचारले. "बारा हजार घातल्यावर काय वाढेल?"

"स्पीड वाढेल, पप्पा."

"किती?"

मुलापाशी उत्तर नव्हते. "मग हिशेब मांडून आण," वडील म्हणाले. "हिशेब पटला तर पैसे देतो." मोंढ्यात शब्दावर सौदे होतात. हा शब्द फिरणार नाही, हे मुलाला ठाऊक होते.

संगणक २०१९ च्या दिवाळीत घेतलेला होता. आत रायझन ५ २६०० हा प्रोसेसर, जीटीएक्स १६५० हे ग्राफिक्स कार्ड आणि आठ जीबी रॅमची एकच पट्टी. पुढच्याच वर्षी टाळेबंदी लागली आणि दोन्ही मुलांचे शिक्षण या यंत्रापुढे बसून झाले. मधल्या वेळेत दुकानाची जीएसटीची कामेही त्यावरच उरकली. मग थोरला मुलगा अभियंता होऊन बेंगळुरूला गेला. दुकानात तो येणार नाही, हे वडिलांनी मान्य केले होते. पण फोनवर दोघांचे बोलणे "जेवलास का" आणि "तब्येत बरी आहे ना" याच्या पुढे सरकत नसे. दोघे भाऊ मात्र शनिवारी रात्री फोर्झा होरायझन ५ या मोटारींच्या खेळात भेटत. एरवी धाकटा एकटाच सिटीज: स्कायलाइन्स या खेळात एक शहर वसवत बसे. रस्ते, नळ, बसगाड्या, कचऱ्याची व्यवस्था, सगळे. लोकवस्ती लाखाच्या पुढे गेली होती, आणि ते शहर आता बैलगाडीच्या चालीने चालू लागले होते. शर्यतीतही गाडी ऐन वळणावर अडखळे. दोन्हींचे कारण त्याच्या मते एकच होते: जुना प्रोसेसर.

खेळातले चित्र हलते दिसते, कारण संगणक एका सेकंदात अनेक चित्रे एकापाठोपाठ दाखवतो. या प्रत्येक चित्राला फ्रेम म्हणतात. सेकंदाला साठ फ्रेम हव्या असतील, तर एक फ्रेम सुमारे १६.७ मिलिसेकंदांत तयार झाली पाहिजे. गाडी कुठे आहे, समोरून कोण येते, धडक बसली की नाही, हे प्रोसेसर ठरवतो. मग ग्राफिक्स कार्ड त्याचे चित्र रंगवते. दोघांतला जो मंद, त्याच्याच चालीने सगळे चालते.

मुलाने हे समजावून सांगितले तेव्हा वडील हसले. हे त्यांना नवे नव्हते. पूर्वी एका जिनिंगमध्ये त्यांची भागी होती. कापूस जिनवर जातो, सरकी वेगळी होते, क्विंटलमागे तेहेतीस ते पस्तीस किलो रुई निघते आणि ती रुई प्रेसमध्ये दाबून १७० किलोची गाठ बांधली जाते. एका हंगामात भागीदारांनी कर्ज काढून जिनची यंत्रे वाढवली. रुई भराभर निघू लागली, आणि जुन्या प्रेसपुढे तिचे डोंगर साचले. दिवसाच्या गाठी जेवढ्या होत होत्या, तेवढ्याच राहिल्या. वर उघड्या रुईला आगीचे भय. व्याज मात्र नव्या यंत्रांचे भरावे लागले. "तेव्हा कुणी विचारलेच नाही, की अडते कुठे," एवढेच ते म्हणाले. त्या भागीविषयी ते घरात सहसा बोलत नसत.

कुठे अडते हे शोधण्याची युक्ती सोपी आहे. खेळाचे रेझोल्यूशन कमी करावे आणि फ्रेम वाढतात का ते पाहावे. १९२० गुणिले १०८० चा पडदा म्हणजे २० लाख ७३ हजार ६०० ठिपके. १२८० गुणिले ७२० चा म्हणजे ९ लाख २१ हजार ६००. रंगवणाऱ्याचे काम निम्म्याहून कमी होते. ठरवणाऱ्याचे जवळपास तेवढेच राहते. काम हलके होताच फ्रेम वाढल्या, तर अडचण ग्राफिक्स कार्डाची होती. फ्रेम जागच्या जागी राहिल्या, तर प्रोसेसरची.

मुलाने एका दुपारी, वडील दुकानात असताना, दोन्ही खेळ मोजले. फोर्झामध्ये मोजणीची सोय आहे. एक ठरलेली शर्यत आपोआप धावते आणि शेवटी आकडे मिळतात. मोठ्या रेझोल्यूशनवर सरासरी ५२ फ्रेम आल्या आणि ग्राफिक्स कार्ड ९८ टक्के कामात होते. लहान रेझोल्यूशनवर फ्रेम ७४ झाल्या. शहराचे उलटे निघाले. आधी २२, नंतर २३, आणि कार्ड जेमतेम ४० टक्के कामात. प्रत्येक मोजणी त्याने तीनदा केली आणि जुन्या रोजमेळाच्या कोऱ्या पानांवर लिहिली. शर्यत एका पानावर, शहर दुसऱ्या पानावर.

मग तो बराच वेळ ती दोन पाने घेऊन बसला. पैसे मागताना त्याने शर्यतीचेच नाव घेतले होते, कारण भावाचा उल्लेख आला की घरात मन विरघळते. आणि शर्यतीचे पान सांगत होते, की नव्या प्रोसेसरने तिथे काही वाढणार नाही. दुसरे पान एकटे पुढे ठेवले असते तर काम झाले असते. त्यातला आकडा खोटा नव्हता, आणि आकड्यांचा अर्थ कळणारे घरात दुसरे कुणी नव्हते.

संध्याकाळी, सूर्यास्तापूर्वीची जेवणे आटोपल्यावर, त्याने दोन्ही पाने वडिलांपुढे ठेवली. शर्यतीचे वर होते.

वडिलांनी आकड्यांवरून बोट फिरवले. "म्हणजे भैयासोबतचा खेळ यात सुधारणार नाही?"

"नाही. तिथे कार्ड अडते."

"आणि पैसे त्याच्यासाठी मागितले होतेस."

"हो."

वडिलांनी पान उलटले. शहराचा हिशेब त्यांनी अधिक बारकाईने पाहिला आणि एक खोट काढली. टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसरचा वापर ३५ टक्के दिसत होता. पासष्ट टक्के यंत्र रिकामे असताना नवे कशाला? मुलाने मग प्रत्येक धाग्याचा आलेख वेगळा उघडला. बाकीचे आलेख तळाशी रेंगाळत होते, एक मात्र माथ्याला टेकलेला होता. खेळाचे मुख्य काम बरेचसे एकाच जागी ओळीने होते. ते वाटून देता येत नाही. गोदामात सहा माणसे असली तरी काटा एक असेल, तर रांग काट्यापाशीच लागते, आणि सहांची सरासरी काढली तर सगळे निवांत दिसतात. ही सरासरी अनेकांना फसवते. 'प्रोसेसर तर रिकामाच आहे' म्हणून चुकीचा सुटा भाग घेणारेही पुष्कळ आहेत.

नव्या रायझन ५ ५६०० मध्येही गाभे सहाच. वडिलांनी तेही हेरले. तीच सहा माणसे, मग बारा हजार कशाचे? मुलाने फरक मांडला. कमाल गती ३.९ वरून ४.४ गिगाहर्ट्झ, हाताशी ठेवायची तिसऱ्या स्तराची कॅश १६ वरून ३२ एमबी, आणि एका ठोक्यात होणारे काम अधिक. दोन्हींची वीजमर्यादा ६५ वॉट लिहिलेली, म्हणून वीजपुरवठ्याचा डबा बदलायला नको. मदरबोर्ड तोच चालेल. पण आधी त्याचे बायोस अद्ययावत करावे लागेल, आणि ते चालू असताना वीज गेली तर बोर्डच निकामी होऊ शकतो. उन्हाळ्यातल्या गेवराईत हा धोका कागदावरचा नव्हे. शहरात वाढ किती होईल? इतरांच्या तुलना पाहता दीडपट धरता येईल, असे लिहून त्याने पुढे 'खात्री नाही' अशी नोंद केली होती. वडिलांची नजर त्या दोन शब्दांवर थोडी थांबली.

"याहून स्वस्तात काही होते का?"

होत होते. रॅमची एकच पट्टी म्हणजे प्रोसेसरकडे माल येण्याचे एकच दार. जोडीला तशीच दुसरी लावली की दोन दारे उघडतात. आणि चार वर्षांत पंख्याच्या जाळीत मोंढ्याची धूळ बसली होती. बाहेर बेचाळीस अंश आणि आत धूळ, अशा वेळी तापलेला प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी गती उतरवतो.

छत्रपती संभाजीनगरहून दोन हजारांच्या आत पट्टी आली. मुलाने यंत्र उघडून साफ केले, प्रोसेसरवरचा वाळलेला लेप पुसून नवा लावला आणि पुन्हा मोजले. शहर २२ वरून २७ वर गेले. शर्यतीची सरासरी बदलली नाही, मात्र मधले झटके कमी झाले. मग त्याने जे पहिल्याच दिवशी करता आले असते ते केले. सावल्या आणि प्रतिबिंबांचा दर्जा एक पायरी उतरवला. फ्रेम साठच्या वर गेल्या. मॉनिटर ६० हर्ट्झचा होता. त्याहून जास्त त्याला दाखवताच येत नव्हते. एक रुपया लागला नाही, आणि डबक्यांतले आकाशाचे प्रतिबिंब थोडे पुसट झाले.

प्रोसेसरचे पैसे मुलाने मागे घेतले. शहरासाठी बारा हजार आत्ता नकोत, म्हणाला. वडिलांनी आग्रह केला नाही; पण शहराचा हिशेब त्यांना पटला होता आणि शब्द दिलेला होता. दुसऱ्या दिवशी दुकानाच्या खात्यात मुलाच्या नावे बारा हजार जमा दिसले. कधी उचलायचे, ते त्याच्यावर सोडले होते.

शनिवारी रात्री दुरुस्ती कशी झाली ते पाहायला वडील खुर्ची ओढून शेजारी बसले. हेडफोन काढून स्पीकर लावला होता. गाडी वळणावर अडखळली नाही. पलीकडून थोरल्याने विचारले, पप्पा आहेत का तिथे? आणि मग, शर्यत चालू असतानाच, यंदा तूर शेवटी काय भावाने गेली ते विचारले. वडील सांगू लागले. प्रतवारी, ओलावा, लातूरचा भाव, सगळे. धाकटा ती शर्यत हरला. पुढची सुरू करायला त्याने बराच वेळ लावला.