काकीचे खुराडे

कोंबडी आजारी पडली म्हणजे पिसे फुगवून, डोळे अर्धवट मिटून ती कोपऱ्यात उभी राहते, आणि घरातल्यांचे लक्ष जाईपर्यंत बहुधा उशीर झालेला असतो. माझ्या काकीचे लक्ष मात्र आधीच जाई. राजापूरकडच्या आमच्या घरी तिने जन्मभर पंधरा-वीस कोंबड्या पाळल्या. अंड्यांच्या पैशांतून माझ्या चुलत बहिणींची पुस्तके आली, पावसाळ्यापूर्वी कौले आली. म्हणून पहाटे खुराड्याची फळी काढली की ती प्रत्येकीला न्याहाळी. तुरा लाल आहे ना, चाल सरळ आहे ना? दाणे टाकल्यावर जी मागे रेंगाळे, तिला ती उचलून काखेत धरी.

तिच्या पुष्कळशा उपचारांत औषध असे नसेच. तुरा फिकट दिसला की ती कोंबडीच्या आधी खुराडे तपासी. रक्त पिणाऱ्या गोचिडी दिवसा फळ्यांच्या भेगांत दडतात आणि रात्री झोपलेल्या कोंबड्यांच्या अंगावर चढतात, हे तिला पक्के ठाऊक होते. मग फळ्यांवर उकळते पाणी, भेगांत चुना, आणि अंगणात उन्हाच्या जागी राख व कोरडी माती ह्यांचा ढीग. त्या ढिगात कोंबड्या अशा तल्लीनतेने लोळत, की तीर्थस्नानाला गेलेल्या भाविकांनाही तेवढे समाधान लाभत असेल की नाही, कोण जाणे! पिसांतल्या उवांना ती धूळ सोसत नाही.

पावसाळ्यात पिल्लांना रक्ती हगवण लागे. तिच्यावर पाण्यातून द्यावयाचे औषध दवाखान्यात मिळते. पण खालचा भुसा ओला राहिला तर रोग पुन्हा उलटतो, म्हणून काकी भुसा बदलण्याचा कंटाळा कधी करीत नसे. तुऱ्यावर देवीचे फोड येत, तेव्हा ती डासांना दोष देई, आणि तो खराच होता.

ह्या सर्वांहून भयंकर मानमोडी. 1918 सालच्या इन्फ्लुएंझालाही आपल्याकडे हेच नाव पडले होते. माणसांची ती साथ गेली, कोंबड्यांची राहिली. कुमाऊँच्या डोंगरातील राणीखेत येथे आढळल्यामुळे आपल्या देशात तिला राणीखेत म्हणतात. इतरत्र ती इंग्लंडमधील न्यूकॅसलच्या नावाने ओळखली जाते. कोंबडी चोच उघडून धापा टाकते, हिरवट हगते, मान पिळवटते आणि दोन-चार दिवसांत खुराडे रिकामे होते. ह्यावर औषध नाही. लस आहे, आणि ती निरोगी असतानाच टोचावी लागते : पिल्लाच्या डोळ्यात पहिल्या आठवड्यात एक थेंब, पुढे दोन महिन्यांच्या सुमारास पंखाखाली टोचणी.

लस महाग नव्हती. अडचण निराळीच होती. एक कुपी शंभर कोंबड्यांची. ती बर्फात आणावी लागे, आणि एकदा पाण्यात कालवली की थोड्याच तासांत संपवावी लागे. चौदा कोंबड्यांसाठी ती कोण फोडणार? 2011 सालच्या हिवाळ्यात काकीने ह्यावर उपाय काढला. संध्याकाळी ती वाडीतल्या घरोघर फिरली आणि कोंबड्या मोजून आली. ब्याण्णव भरल्या. दुसऱ्या दिवशी पहाटे, कोणीही खुराडे उघडण्यापूर्वी, दवाखान्यातले पशुधन पर्यवेक्षक कुपी घेऊन आले, आणि डालग्यांखालून एकेक कोंबडी निघू लागली. एका घराने मात्र नकार दिला. “टोचले की कोंबडी अंडी घालीत नाही,” असे तिथल्या आजी म्हणाल्या. टोचल्यावर काही दिवस अंडी कमी होतात, हे काकीने नाकारले नाही. “थोड्या दिवसांची अंडी जातील, वयनी, पण कोंबडी राहील,” एवढेच ती म्हणाली. आजींनी ऐकले नाही.

एप्रिलात त्यांच्या परसात तीन दिवसांत सहा कोंबड्या मेल्या. एक व्यापारी उरलेल्या पाच पडत्या भावाने मागू लागला. आजींना पैशांची निकड होती, आणि त्या पाच कोंबड्या बाजारात गेल्या असत्या तर साथ आणखी किती वाड्यांत शिरली असती, ह्याला सुमार नव्हता. काकीने आधी दवाखान्यात फोन लावविला. 2006 साली नवापूरला बर्ड फ्लू निघाल्यापासून, एकाएकी पक्षी मरू लागले की हात न लावता कळवावे, असे तिला सांगितलेले होते. तपासणीत मानमोडीच निघाली. मेलेल्या कोंबड्या खोल खड्ड्यात चुना घालून पुरल्या. व्यापारी रिकाम्या हाताने परतला. आजींच्या पाचांपैकी दोन वाचल्या.

आमच्याकडची एकच गेली. ती फणसावर झोपणारी काळी तलंग होती, आणि टोचणीच्या पहाटे ती कोणाच्याच हाती लागली नव्हती. पावसाळा संपल्यावर, आजींचे खुराडे दोनदा चुन्याने सारवून झाले, तेव्हा काकीने खुडूक कोंबडीखाली अकरा अंडी अधिक ठेवली. त्यातून नऊ पिल्ले निघाली. सातव्या दिवशी ती टोपलीत घालून ती आजींकडे निघाली, तेव्हा दवाखान्यातील थेंबाची कुपी कोणत्या दिवशी येणार आहे, हे तिने आधीच विचारून ठेवले होते.