कंस नसलेले पुस्तक

उर्दू, मराठी, हिंदी, इंग्रजी अशा चार भाषा आम्हाला वाचता येतात. तरीही नवी पुस्तके आमच्यापर्यंत फार फिरून येतात. हेरकथा म्हटली की इब्ने सफी आणि विज्ञानकथा म्हटली की नारळीकर, इथेच आमची धाव बरीच वर्षे थांबली होती. खालिद जावेद यांची 'नेमतखाना' ही कादंबरी उर्दूत २०१४ साली आली. स्वयंपाकघर इतके भीतिदायक आम्ही दुसरीकडे वाचले नाही. पण आम्हा उर्दूवाल्यांना तिची खबर लागली २०२२ साली, तिच्या इंग्रजी अनुवादाला जेसीबी पारितोषिक मिळाले तेव्हा! त्याच वर्षी गीतांजली श्री यांची 'रेत समाधि' गाजली. ती मात्र मूळ हिंदीतच वाचली. सुरुवातीला दम लागतो, पण म्हातारी उठून सरहद्दीकडे निघाली की पुस्तक खाली ठेववत नाही.

खरे अडकलो ते बानू मुश्ताक यांच्यापाशी. 'हार्ट लॅम्प' या त्यांच्या बारा कथांच्या संग्रहाला २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय बुकर मिळाले. कन्नडमधून इंग्रजी अनुवाद दीपा भास्ती यांचा. बानूबाई कर्नाटकातल्या हासनच्या, वकील, घरची बोली दखनी. आठव्या वर्षी त्यांना कन्नड शाळेत घातले. सहा महिन्यांत लिहिता-वाचता आले पाहिजे, ही शाळेची अट. हे वाचून आम्ही थबकलो. दर जूनला पालक आम्हाला विचारतात, "सर, बच्चे को उर्दू में डालूं के मराठी में?" आम्ही उर्दूच सांगतो, आणि पगार उर्दूचा म्हणून सांगतो असे त्यांना वाटते. आता कोणी बानूबाईंचा दाखला दिला तर काय बोलावे? शाळा कन्नड झाली, पण घरची बोली त्यांच्या कथांतून गेली नाही, एवढे तरी सांगता येईल.

दुसरी गोष्ट कंसांची. आम्ही मराठीत चार ओळी लिहिल्या की 'वजू'पुढे कंस, 'इद्दत'पुढे कंस. कधी संपादक मागतात, कधी आम्हीच घालतो. भास्ती यांनी इंग्रजीत उर्दू, अरबी, कन्नड शब्द सरळ ठेवले आहेत. तिरपा टाइप नाही, तळटीप नाही. मराठी गोष्टीत 'हळदीकुंकू' आले की कोणी कंस घालत नाही, आणि आमच्या मुलांना ते कळतेच.

शिक्षक-खोलीत एक वडीलधाऱ्या आपा म्हणाल्या, "अपने घर की बातें बाहर क्यूं?" प्रश्न जुनाच आहे. बायकांना मशिदीत जाण्याचा हक्क आहे असे बोलल्याबद्दल २००० साली बानूबाईंवर बहिष्कार पडला होता. टाकलेल्या बाईला मुतवल्लीच्या दारात न्याय मिळत नाही, ही कथा आमच्या मोहल्ल्यात घडत नाही असे कोण म्हणेल? आपा पुस्तक घेऊन गेल्या. चार दिवसांनी परत केले तेव्हा त्याच कथेचे पान दुमडलेले होते. काही बोलल्या नाहीत.

शाळेच्या ग्रंथालयात ते ठेवावे की नाही, यावर अजून एकमत नाही. आम्ही खरेदीच्या यादीत नाव लिहून ठेवले आहे.