मढ्यावरचं कापड आणि आमचे काळे टी-शर्ट

नांदेड आणि लातूरच्या अभ्यासवर्गांत हल्ली एक वाद वारंवार निघतो. केस रंगवणारा, अंगावर गोंदवून घेणारा, कानात बाळी घालून इंग्रजी रॅप ऐकणारा पोरगा चळवळीचा कार्यकर्ता होऊ शकतो का? जुन्या कार्यकर्त्यांचं म्हणणं असं, की पांढरा शर्ट, निळा गमछा आणि हातात पुस्तक ही आपली ओळख. बाकी सगळं बाजारानं पोरांच्या डोक्यात भरलेलं खूळ. तरुण म्हणतात, आमच्या कपड्यांवर बोलायचा कुणालाच अधिकार नाही, विषय संपला. आम्हाला हा विषय इतक्या लवकर संपेल असं वाटत नाही. आणि आम्ही हे बाहेर उभं राहून बोलत नाही आहोत. 2007 ते 2012 या काळात आम्ही पाच जण, चार मुलं आणि एक मुलगी, सगळे बौद्ध वस्त्यांतले, आधी लातुरात आणि मग नांदेडात 'गॉथ' होतो.

ज्यांना हा शब्द नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. 1970 च्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये पंक संगीताची लाट ओसरत होती. तिच्यातून एक उदास, काळोखी धारा फुटली. बाउहाउस या बँडचं 'बेला लुगोसीज डेड' हे गाणं 1979 साली आलं. सूझी अँड द बॅन्शीज, द क्युअर, सिस्टर्स ऑफ मर्सी ही त्याच धारेतली नावं. 1982 साली लंडनच्या सोहो भागात 'बॅटकेव्ह' नावाचा क्लब सुरू झाला आणि काळे कपडे, पांढराफटक चेहरा, डोळ्यांत काजळ, गळ्यात कवट्या आणि क्रूस हा वेश रुळला. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये बेकारांचा आकडा 30 लाखांवर गेला होता. पुढे काहीच दिसत नसलेल्या पिढीनं मृत्यू, स्मशान आणि एकटेपण हे आपले विषय करून टाकले.

हे सगळं मराठवाड्यात कसं पोचलं? मेमरी कार्डातून. मोबाइलच्या दुकानात वीस-तीस रुपयांत गाणी भरून मिळायची. भीमगीतं, हिंदी गाणी आणि त्यांच्या मधेच कुणाच्या तरी कॉम्प्युटरवरून आलेली इव्हानेसेन्सची दोन गाणी. पुढचं सगळं सायबर कॅफेत बसून, ऑर्कुटवरून शोधलेलं. लातुरात आम्ही बारावीसाठी आलेलो, 'लातूर पॅटर्न'च्या गर्दीत. काळे टी-शर्ट गंजगोलाईच्या फुटपाथवरून घेतले, कवटीचं चित्र असलेले. लोखंडी कडी आणि साखळ्या नंतर नांदेडच्या गुरुद्वारा परिसरातल्या दुकानांतून. काजळ घरचंच, आईच्या डबीतलं. मे महिन्यात पारा बेचाळीसवर असताना आम्ही डोक्यापासून पायापर्यंत काळ्या कपड्यात हिंडायचो. लोक हसायचे. आम्हाला बरं वाटायचं.

का बरं वाटायचं, हे नीट सांगायला पाहिजे. शहरात आलं की पहिला प्रश्न असतो, "आडनाव काय?" आडनावावरून कळलं नाही तर, "गाव कोणतं?" त्यावरूनही नाही कळलं तर, "गावात घर कुठल्या बाजूला?" खोली भाड्यानं घेताना, मेस लावताना, ट्यूशनमध्ये नाव लिहिताना हेच. काळे कपडे घातल्यावर लोकांचा पहिला प्रश्न बदलला. "हे काय सोंग काढलंय?" असं विचारायला लागले. हा प्रश्न आम्हाला आवडायचा, कारण त्याचं उत्तर आमच्या जन्मात नव्हतं, आमच्या निवडीत होतं. आम्ही विचित्र होतो, पण आयुष्यात पहिल्यांदा आमच्या मर्जीनं विचित्र होतो. घरमालक मात्र सोंगाबद्दल विचारून झालं की आडनावावर यायचाच. काळ्या कपड्यांनी जात झाकली नाही. फक्त तिच्यापर्यंत पोचायला समोरच्याला एक पायरी जास्त चढायला लावली.

घरातून विरोध झाला तो दोन प्रकारचा. पहिला विरोध 'काळं अशुभ' हा. आमच्यातल्या मुलीला तो सगळ्यात जास्त झाला. मामाच्या लग्नात ती काळा ड्रेस घालून गेली, तर बायकांनी तिला मंगल परिणयाच्या वेळी मागं बसवलं. 22 प्रतिज्ञा पाठ असलेल्या घरांत शुभ-अशुभाचं हे ब्राह्मणी गणित अजून जिवंत आहे, हे आम्हाला तिथं कळलं. या विरोधाला उत्तर देणं सोपं होतं.

दुसरा विरोध आमच्यातल्या एकाच्या आजीचा. नांदेड जिल्ह्यातल्या खेड्यातली, निजामाच्या राज्यात जन्मलेली बाई. तिनं नातवाच्या अंगावरची कवटी, मनगटातलं लोखंड आणि काळं कापड नीट निरखून पाहिलं आणि म्हणाली, "आरं, मढ्यावरचं कापड सोडाया आमच्या पिढ्या गेल्या. तुमी पैसे देऊन तेच अंगावर घालायलाव का?"

या प्रश्नाला आमच्याकडं तेव्हा लगेच उत्तर नव्हतं आणि ते असायलाही नको होतं, कारण हा प्रश्न दोन हजार वर्षांचा आहे. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांसाठी नियम आहेत. त्यांनी गावाबाहेर, स्मशानाजवळ राहावं. प्रेतांवरची वस्त्रं नेसावीत. फुटक्या भांड्यात जेवावं. दागिने काळ्या लोखंडाचे घालावेत. हे आज पुन्हा वाचा आणि बॅटकेव्हमधल्या पोरांचा वेश आठवा. काळं लोखंड, स्मशान, मेलेल्याचं कापड. यादी जवळजवळ तीच आहे. महारकीच्या हक्कांत मढ्यावरचं कापड होतं. त्याला 'हक्क' म्हणायचे, हीच त्यातली क्रूर गंमत. आजीच्या लहानपणी ते कापड धुऊन घरात वापरलेलं तिनं पाहिलं होतं.

म्हणून महाडला 25 डिसेंबर 1927 रोजी मनुस्मृती जाळली गेली, तेव्हा तिच्याबरोबर हे कापडही जळालं असं आम्ही मानतो. त्याच परिषदेच्या निमित्तानं बाबासाहेब स्त्रियांशी बोलले, ते वेशाबद्दलच. लुगडं नेसण्याची पद्धत, हातापायांतले ठरावीक दागिने, ज्या खुणांवरून बाई लांबूनच अस्पृश्य म्हणून ओळखू येते त्या खुणा टाकून द्या, असं त्यांनी सांगितलं. स्वतः बाबासाहेबांचा सूट हेही तेच सांगतो. गांधींनी 1921 साली मदुराईत अंगावरचे कपडे कमी करून पंचा स्वीकारला, त्याचं देशाला कौतुक वाटलं. पण ज्याच्याकडे कपडे आहेत तोच ते उतरवू शकतो. ज्याला उघडं ठेवलं गेलं त्याचं बंड अंगभर कपडे घालण्यातच असतं.

मग आजीचं म्हणणं बरोबर ठरतं का? इंग्लंडमधल्या गॉथ पोरांनी हौसेनं जे घातलं ते आपल्यावर लादलेलं होतं, म्हणून ते आपण शिवायचंच नाही?

इथं आपल्याला आपला धम्मच मदत करतो. भगवान बुद्धांच्या काळात भिक्खू 'पंसुकूल' चीवर वापरत. उकिरड्यावर टाकलेल्या, स्मशानात सोडलेल्या चिंध्या गोळा करून, धुऊन, शिवून, रंगवून त्याचं चीवर होई. गृहस्थांनी दिलेलं वस्त्र स्वीकारायची परवानगी बुद्धांनी वैद्य जीवकाच्या विनंतीवरून नंतर दिली, असं विनयपिटकाच्या महावग्गात आहे. महासतिपट्ठान सुत्तात तर स्मशानातल्या प्रेताच्या नऊ अवस्थांचं चिंतन सांगितलं आहे. म्हणजे मनूनं जे कापड शिक्षा म्हणून दिलं, तेच कापड संघानं स्वेच्छेनं घेतलं आणि त्या कापडापुढं राजे वाकले. कापड एकच आहे. ते कुणी ठरवलं, यावर त्याचा अर्थ ठरतो. भिक्खू ते उतरवून घरी जाऊ शकत होता. चांडाळाला ते उतरवता येत नव्हतं. सगळा फरक या उतरवता येण्यात आहे.

आजीनं टाकलेलं कापड आणि नातवानं घेतलेला टी-शर्ट यांच्यामध्ये महाड आहे, 1956 आहे. तिनं ते टाकलं म्हणून नातवाला निवडता आलं. आम्ही हे तिला आमच्या भाषेत सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मंग निवडायलाव तर चांगलं तरी निवडा." यावर वाद घालण्यात अर्थ नव्हता.

पुढं समाजशास्त्रात एम.ए. करताना डिक हेब्डिज यांचं 1979 चं 'सबकल्चर' हे पुस्तक हाती आलं. तरुणांचा वेश ही एक प्रकारची बंडाची भाषा असते आणि बाजार ती भाषा हळूहळू गिळून दुकानात मांडतो, असा त्याचा सारांश. पॉल हॉडकिन्सन यांनी 2002 साली खास गॉथांवर पुस्तक लिहिलं. त्यातले गॉथ बहुतेक गोरे, मध्यमवर्गीय. ही दोन्ही पुस्तकं उपयोगी आहेत, पण त्यांत आपण नाही. ज्यांना समाजानं आत घेतलेलं आहे ते हौसेनं बाहेर पडतात, तेव्हा काय होतं हे हॉडकिन्सन सांगतात. जे आधीच वेशीबाहेर आहेत ते आणखी एक 'बाहेर' निवडतात, तेव्हा काय होतं, हे आपल्यालाच लिहावं लागेल.

आता तरुणांच्या बाजूकडे वळू. कपडे ही निवड आहे हे मान्य. पण निवड म्हणजे संघटना नव्हे. काळा रंग फक्त गॉथांचा नाही. 1940 च्या दशकात पेरियारांच्या द्रविडर कळघमनं काळा शर्ट घातला, तो अपमानित अवस्थेची खूण म्हणून, आणि त्या शर्टामागं देव-धर्म-जातीविरुद्धचा कार्यक्रम होता. 1966 साली अमेरिकेतल्या ओकलंड शहरात ब्लॅक पँथर पक्ष निघाला. काळी चामडी जॅकेटं आणि काळ्या टोप्या, पण सोबत दहा कलमी मागणीपत्रक. अन्न, घर, शिक्षण, न्याय. त्यांच्या नावावरून 1972 साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली. आम्हा पाच जणांच्या काळ्या कपड्यांमागं मागणीपत्रक नव्हतं. म्हणून ते पाच जणांपुरतेच राहिले, आणि पुढं आम्ही वस्तीवर काम सुरू केलं ते काळ्या टी-शर्टच्या नव्हे, भीमजयंतीच्या वर्गणीच्या वहीतून झालेल्या ओळखीवर.

आणि वेशावरून जीव जातो, हेही विसरता येणार नाही. ऑगस्ट 2007 मध्ये इंग्लंडच्या बेकप गावात सोफी लँकेस्टर या वीस वर्षांच्या मुलीला आणि तिच्या मित्राला बागेत पोरांच्या टोळक्यानं मारलं, ती दोघं गॉथ दिसतात म्हणून. सोफी मेली. 2013 साली ग्रेटर मँचेस्टरच्या पोलिसांनी अशा हल्ल्यांची द्वेषमूलक गुन्हे म्हणून नोंद सुरू केली. आपल्याकडं 2015 साली शिर्डीत मोबाइलवर वाजलेल्या भीमगीताच्या रिंगटोनवरून सागर शेजवळचा खून झाला. ज्या नांदेड जिल्ह्यानं 1978 साली नामांतराच्या काळात टेंभुर्णीचे पोचिराम कांबळे गमावले, त्याच जिल्ह्यात 1 जून 2023 रोजी बोंढार हवेलीत अक्षय भालेरावला मारलं गेलं. गावात भीमजयंती काढल्याचा राग, असं फिर्यादीत आहे. अॅट्रॉसिटी कायद्याच्या 2015 च्या दुरुस्तीत एक कलम आहे. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला सार्वजनिक ठिकाणी नवे कपडे किंवा चप्पल घालण्यापासून अडवणं हा गुन्हा. या देशाच्या संसदेला हे कायद्यात लिहावं लागलं. मनूचा दहावा अध्याय अजून खेड्यापाड्यांत लागू आहे, याचा याहून मोठा पुरावा कोणता?

म्हणून जुन्या कार्यकर्त्यांना आमचं सांगणं आहे. पोरांचे कपडे तपासू नका. ते काम मनूनं भरपूर केलं आहे. शिवाय त्या काळ्या संगीतानं आम्हाला एक गोष्ट दिली जी सभांमध्ये मिळाली नाही. दुःख बोलायची मुभा. आपल्या व्यासपीठावर रागाला जागा आहे, अभिमानाला आहे, पण "आज काहीच करू वाटत नाही" असं म्हणणाऱ्या पोराला आपण "लढायचं असतं" एवढंच सांगतो. रोहित वेमुला 17 जानेवारी 2016 रोजी गेला तेव्हा देशभर मोर्चे निघाले. पण वसतिगृहातल्या खोलीत एकट्या पडलेल्या पोराजवळ आधी कोण बसणार, हा प्रश्न मोर्च्यानं सुटत नाही. दुःख हे पहिलं आर्यसत्य आहे. आपल्या शाखांमध्ये ते उच्चारायची सोय हवी.

आणि तरुणांना सांगणं हे. काळं घाला, निळं घाला, केस रंगवा. तो हक्क महाडला मिळवलेला आहे, कुणाची परवानगी घेऊ नका. फक्त तो कुणी मिळवून दिला हे ठाऊक ठेवा. गावात अजून जिला नवं लुगडं नेसून पाण्याला जाता येत नाही, तिचा हक्क मिळेपर्यंत तुमचा हक्क अर्धाच आहे. टी-शर्ट कुठलाही असो, त्याच्या खिशात मागणीपत्रक पाहिजे. खिसा नसेल तर शिवून घ्या.

जयभीम!