जेड नव्हे, गोमेदाचा भाऊबंद

आमच्या वन्संनी जोहान्सबर्गहून आणलेला हिरवा खडा ‘ट्रान्सवाल जेड’ आहे, हे घरात सगळ्यांनी धरूनच चाललं होतं. अंगठीत बसवण्याआधी तपासून घेतला, तर प्रमाणपत्रावर ‘हायड्रोग्रॉस्युलर गार्नेट’ असं लिहून आलं. मी जन्मभर कापडाच्या दुकानात खातेवह्या लिहिल्या. हे नाव वाचतानाच दमले.

बिटको चौकाजवळच्या पेढीवरचे काका म्हणाले, “ताई, हा जेड नाही. तुमच्या गोमेदाच्या भावकीतला आहे.” गोमेद म्हणजे ग्रॉस्युलर गार्नेटचाच मधाळ-तपकिरी प्रकार. राहूच्या शांतीला हा हिरवा चालेल का, हे अगदी ओठांवर आलं होतं, पण मागे गिऱ्हाईक उभं होतं.

काकांनी खडा काट्यावर ठेवला: ८.६८ ग्रॅम. मग काट्याच्या तव्यावर तारेची कमान उभी केली, पाण्याची वाटी तव्याला लागणार नाही अशी पाटावर ठेवली आणि दोऱ्याने खडा पाण्यात सोडला. कडेला टेकला की आकडा उड्या मारायचा. खालच्या बाजूला बुडबुडा चिकटला होता, तो काकांनी काडीने झटकला. आता ६.१८. फरक अडीच ग्रॅम. ८.६८ भागिले २.५० हा हिशेब मात्र मीच केला: ३.४७. जेड दोन जातींचा असतो. एकाची घनता साधारण २.९५, दुसऱ्याची ३.३ च्या आसपास. गोमेदाची ३.६. म्हणजे आमचा खडा दोन्ही जेडांहून जड आणि गोमेदाहून जरासा हलका.

“तो हलकेपणा पाण्यामुळे,” असं भूशास्त्र शिकणारा भाचा संध्याकाळी म्हणाला, आणि माझा गोंधळ खरा तिथून सुरू झाला. दगडात पाणी म्हणजे फोडला तर ओला निघणार?

तसं नाही म्हणे. गार्नेटच्या सांगाड्यात प्रत्येक सिलिकॉनभोवती चार ऑक्सिजन असतात. या खड्यात काही ठिकाणचं सिलिकॉन गायब असतं आणि उरलेल्या चारही ऑक्सिजनना एकेक हायड्रोजन चिकटलेला असतो. सिलिकॉनचा अणुभार २८, चार हायड्रोजनचा मिळून ४. खात्यातून २८ गेले, ४ जमा झाले. वर सांगाडाही किंचित फुगतो. हे मात्र मला लगेच पटलं.

तरी ‘पाणी’ डोक्यातून जाईना, म्हणून भाच्याने सिन्नरला के. सी. पांडे यांच्या गारगोटी संग्रहालयात नेलं. तिथली स्टिलबाइट, ह्यूलँडाइट, स्कोलेसाइट ही झिओलाइटं आपल्याच दख्खनच्या बेसाल्टातली. त्यांच्या पोकळ्यांत पाण्याचे अख्खे रेणू बसलेले असतात. बेताने तापवलं की निघून जातात आणि बऱ्याच झिओलाइटांत पुन्हा परतही येतात. हायड्रोग्रॉस्युलरमध्ये असं येणं-जाणं नाही. तिथे पाण्याचा रेणूच नाही, हायड्रोजन सांगाड्यातच गुंतलेला. तापवून तो काढला, तर खनिजच मोडतं.

वर्गीकरणाने मात्र मला पुरतं चक्रावून सोडलं. १९४३ साली न्यूझीलंडच्या हटन यांनी दिलेलं हायड्रोग्रॉस्युलर हे नाव प्रमाणपत्रावर छापतात, पण स्वतंत्र खनिज म्हणून ते मान्य नाही. ते एका मालिकेचं नाव आहे. मालिकेच्या एका टोकाला ग्रॉस्युलर, दुसऱ्या टोकाला सिलिकॉन अजिबात नसलेलं कॅटोआइट. मधल्याला पूर्वी हिब्शाइट म्हणत. २०१३ च्या नव्या वर्गीकरणात तेही नाव गेलं. आता सिलिकॉनच्या निम्म्याहून जास्त जागा रिकाम्या असतील तर कॅटोआइट, नाहीतर सरळ ग्रॉस्युलर. आमचा खडा ३.४७ चा, म्हणजे कागदोपत्री ग्रॉस्युलरच. मला विचाराल तर जुनी नावं ठेवायला हवी होती. निदान खड्यात वेगळं काय आहे ते तरी कळत होतं.

ट्रान्सवाल जेड हे नाव व्यापाऱ्यांचं. हिरवा रंग क्रोमियमचा, त्यातले काळे ठिपके बहुधा क्रोमाइट किंवा मॅग्नेटाइटचे. मँगनीज असेल तर हाच दगड गुलाबी निघतो.

खडा देखणा आहे, अंगठीही होईल. पण जेडच्या भावाने कुणी हिरवा दगड पुढे केला, तर पैसे मोजण्याआधी तो पाण्यात तोलून दाखवायला सांगा. दोरा, वाटी आणि काटा कुठल्याही पेढीवर असतो.