दीडशे मीटरच्या आत आणि बाहेर

डोंबिवली स्टेशनला पूर्वेकडे उतरून नेहरू रोडने किंवा डॉ. राथ रोडने घर गाठणाऱ्या माणसाचे फेरीवाल्यांबद्दलचे मत दिवसातून दोनदा बदलते. सकाळी लोकल धरताना जी पथारी पायात येते, तीच संध्याकाळी मेथीची जुडी देते. मी याच माणसांपैकी एक, त्यामुळे तटस्थतेचा आव आणत नाही. ठाणे स्टेशनचा परिसर असो की कल्याणचा स्कायवॉक, वर्षानुवर्षे चित्र एकच: पालिकेची ‘गाडी आली’ अशी हाक येते, ताडपत्रीची चार टोके एकत्र होतात, माल गल्लीत शिरतो आणि गाडी पुढे सरकली की पुन्हा मांडला जातो. याला आपण कारवाई म्हणतो. मला ती अंमलबजावणी वाटत नाही. अंमल अटीचा होतो आणि अट लिहायला आधी परवाना लागतो.

१ मे २०१४ पासून लागू झालेल्या पथविक्रेता कायद्यातल्या अटी साध्या आहेत. धंदा स्वतः किंवा घरच्या माणसाने करायचा, पोटापाण्याचे दुसरे साधन नसावे, जागा भाड्याने द्यायची नाही, विक्रीचे प्रमाणपत्र दुसऱ्याच्या नावावर करायचे नाही. अट मोडली तर म्हणणे ऐकून घेऊन प्रमाणपत्र रद्द करता येते, दोन हजार रुपयांपर्यंत दंडही होतो. मात्र याच कायद्याचे तिसरे कलम सांगते की सर्वेक्षण पुरे होऊन सगळ्यांना प्रमाणपत्रे मिळेपर्यंत कोणाला हटवू नये. म्हणजे आधी मोजा, मग कागद द्या, मग कागद तपासा. यासाठी नगर पथविक्रेता समिती आहे. तिचे अध्यक्ष आयुक्त, आणि चाळीस टक्के सदस्य फेरीवाल्यांनी निवडून दिलेले, त्यांत एक तृतीयांश स्त्रिया. जप्तीचीही रीत ठरलेली आहे: मालाची सही केलेली यादी विक्रेत्याच्या हातात द्यायची, नाशवंत माल मागितल्याच्या दिवशी परत, बाकीचा दोन कामाच्या दिवसांत. कोथिंबीर आठवड्याने परत मिळून उपयोग नाही, एवढे कायदा लिहिणाऱ्यांना नक्कीच कळत होते.

यावर पहिला आक्षेप गर्दीचा, आणि तो गंभीर आहे. २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोडच्या पुलावरच्या चेंगराचेंगरीत २३ माणसे गेली. पुढच्याच महिन्यात मनसेच्या कार्यकर्त्यांनी ठाणे, कल्याण भागातल्या स्टेशनांबाहेरच्या फेरीवाल्यांना पिटाळले, माल उधळला. १ नोव्हेंबरला उच्च न्यायालयाने स्टेशनपासून दीडशे मीटरच्या आत, तर शाळा, रुग्णालये, प्रार्थनास्थळे यांच्यापासून शंभर मीटरच्या आत फेरीचा धंदा नको असे सांगितले. दीडशे मीटरचा निकष मला मान्य आहे. पुलाचा जिना आणि स्टेशनचे तोंड मोकळे हवेच. पण निकष ‘इथे नको’ एवढेच सांगतो. रात्री आठच्या गाडीने उतरलेला माणूस भाजीसाठी लांबच्या मैदानात जाणार नाही, तो त्याच्या वाटेवरच घेणार. म्हणून एकशे एक्कावन्नाव्या मीटरवर, त्याच वाटेवर, आखलेल्या आणि क्रमांक घातलेल्या जागा नसतील तर ताडपत्री आत सरकणारच. राजकीय पक्षाच्या कार्यकर्त्यांनी हा निवाडा रस्त्यावर करावा, हे तर कुठल्याच कलमात बसत नाही.

दुसरा आक्षेप त्याहून जड. ३० ऑगस्ट २०२१ ला घोडबंदर रोडवर कासारवडवलीत ठाणे महापालिकेच्या सहायक आयुक्त कल्पिता पिंपळे यांच्यावर कारवाईदरम्यान एका फेरीवाल्याने कोयत्याने हल्ला केला. त्यांची बोटे तुटली. अशांना कसले संरक्षण, असा सवाल तेव्हा झाला. हल्लेखोराला फौजदारी कायदा आहे आणि तिथे सवलत नको. पण त्या घटनेतून मी उलटा धडा घेतो. नाव-पत्ता नसलेल्या जमावात शिरणाऱ्या अधिकाऱ्याला कोयतेवाला आणि गजरेवाली सारखीच दिसतात. समोर कोण बसले आहे याची नोंद आधीच हाती असणे, हे अधिकाऱ्याचेही संरक्षण आहे.

उरला प्रश्न भाड्याच्या जागांचा. पदपथावरची फूटभर जागाही कोणीतरी ‘चालवतो’ आणि बसणारा त्याला पैसे मोजतो, असे सर्रास बोलले जाते. हे खरे असेल तर गाडीची कारवाई त्याच्या पथ्यावरच पडते. माल जातो बसणाऱ्याचा; भाडे घेणारा तिथे नसतोच. त्याला पकडणारी अट फक्त प्रमाणपत्रावर असते. प्रमाणपत्रे वाटली तर लोंढे येतील, ही भीतीही कायद्याने ओळखली आहे. प्रभागाच्या लोकसंख्येच्या अडीच टक्के ही मर्यादा त्यासाठीच. आणि माणसे मोजता येत नाहीत म्हणावे, तर जून २०२० मध्ये पीएम स्वनिधी योजना आली तेव्हा दहा हजारांच्या कर्जासाठी प्रमाणपत्र, ओळखपत्र किंवा पालिकेचे शिफारसपत्र लागत होते. कर्जापुरता ज्याचा चेहरा, जागा आणि धंदा ओळखता येतो, त्याचीच ताडपत्री उचलताना त्याचे नाव विचारायला अडचण कसली, हे मला अजून समजलेले नाही.