खिडकी उघडते का?

आमच्याकडे बिघडलेली खिडकी दुरुस्त करायची एक सर्वमान्य पद्धत आहे. ती कायमची बंद करून टाकायची. पावसाचं पाणी येतंय? फटीत वर्तमानपत्राचा बोळा. झडप खाली उतरलीय? सुतळीने ग्रिलला बांधा. कडी बसत नाही? एक खिळा ठोका. मग वर्षा-दोन वर्षांत त्या खिडकीसमोर कपाट येतं, आणि तिथे खिडकी आहे हे फक्त रस्त्यावरून जाणाऱ्यांना कळतं. तुमच्या घरात अशी एखादी असेलच. नसेल तर कपाटामागे एकदा बघून घ्या.

मीही आयुष्यभर याच पंथाची. खिडकी ही मिस्त्रीची गोष्ट, आपण फार तर पडदा बदलायचा, अशी माझी समजूत. ती २०२० साली सुटली. त्याची ही हकिगत, आणि जाता जाता जे हाताला लागलं तेही सांगते. कुणाच्या उपयोगी पडलं तर पडलं.

टाळेबंदी लागली तेव्हा मी मुलुंडचं घर नवऱ्यावर आणि मुलावर सोपवून दादरला आई-बाबांकडे येऊन राहिले होते. बाबांना आदल्या वर्षी पक्षाघात झाला होता. उजवी बाजू गेली, बोलणं सुदैवाने शाबूत. त्यांची खाट पुढच्या खोलीत खिडकीला लागून. तिसरा मजला, सागवानी दोन झडपांची खिडकी, बाहेर पेटीसारखी ग्रिल. खाली रस्ता, समोर एक बदामाचं झाड आणि पलीकडच्या इमारतीच्या गॅलऱ्या. एवढंच जग उरलं होतं त्यांना, पण ते सकाळी सहापासून त्या जगाची हजेरी घेत.

३ जून २०२०ला निसर्ग वादळ अलिबागच्या बाजूला धडकलं. मुंबई थोडक्यात वाचली, पण वारा आणि पाऊस होताच. सुतळीने बांधलेली डावी झडप सुटून आपटू लागली, आणि अर्ध्या तासात बाबांची गादी भिजली. आईचं म्हणणं, पावसाळाभर खाट आतल्या खोलीत न्यावी. व्यवहार म्हणून अगदी बरोबर. आतल्या खोलीला मात्र एकच झरोका, तो जिन्याच्या भिंतीकडे. बाबा काही बोलले नाहीत. नुसते खिडकीकडे बघत राहिले. ते मला जास्त लागलं.

नेहमीचा सुतार गावाला गेलेला, आणि सोसायटीत बाहेरच्या कारागिराला मज्जाव. म्हणजे उरले कोण, तर बाबांची पलंगाखालची हत्यारांची पेटी आणि मी. बाबा बँकेत नोकरी करून रविवारी सुतारकाम करणाऱ्या पिढीतले. हात गेला होता, पण त्या हाताला जे माहीत होतं ते डोक्यात होतं.

"आधी काही खोलू नकोस," ते म्हणाले. "झडप अर्धी उघड आणि कडीच्या बाजूने वर उचलून बघ."

उचलली. चांगली अर्धा इंच वर आली.

"मग लाकडाचा दोष नाही. वरच्या बिजागरीचे स्क्रू ढिले आहेत. सगळा भार तिच्यावर असतो."

माझा पहिला धडा हाच. खिडकी लागत नाही म्हटलं की आपण जिथे ती अडते तिथे बघतो, म्हणजे खालच्या कोपऱ्यात. आजार असतो वर, तिरक्या रेषेत पलीकडच्या टोकाला.

वरच्या बिजागरीचे स्क्रू गंजून बारीक झालेले, आणि भोकं रुंद होऊन आटे धरायला लाकूडच उरलेलं नाही. नुसता स्क्रू आवळला तर तो गोल गोल फिरत राहतो. यावरचा उपाय काडेपेटीत मिळतो. झडपेखाली पाचर ठोकून भार घ्यायचा, स्क्रू काढायचे, गुल तोडलेल्या काड्या फेव्हिकॉलमध्ये बुडवून भोकात गच्च भरायच्या, वर आलेली टोकं कापायची आणि रात्रभर वाळू द्यायचं. सकाळी बारीक भोक पाडून नवा स्क्रू, जुन्यापेक्षा थोडा लांब. मुंबईच्या खाऱ्या हवेत साध्या लोखंडी स्क्रूचं काही खरं नाही, म्हणून स्टेनलेस स्टीलचे. दुकानं तेव्हा रस्त्याच्या एका बाजूची आज आणि दुसऱ्या बाजूची उद्या अशी उघडत होती. आमच्या हार्डवेअरवाल्याची बाजू येईपर्यंत एक दिवस गेला. तो स्क्रू मोजताना म्हणाला, "ताई, मिस्त्री येऊ दे ना, तुम्ही कशाला?" मी म्हटलं, मिस्त्री घरातच आहे, फक्त झोपून आहे.

एक सांगायला हवं. तिसऱ्या मजल्यावरच्या झडपेला हात घालण्याआधी ती दोरीने ग्रिलला बांधून घ्यावी, आणि दुसरं माणूस धरायला असल्याशिवाय बिजागरी सोडू नये. बाहेर वाकून करायचं काम असेल तर ते आपलं नव्हेच, तिथे मिस्त्रीच हवा.

झडप सरळ झाली. मग खालची काच खडखडते हे बाबांच्या लक्षात आलं. काचेभोवतीची पुट्टी, जुने मिस्त्री जिला लांबी म्हणतात ती, सुकून कपच्यांनी निघत होती. पाऊस नेमका तिथूनच लाकडात मुरत होता. ही लांबी म्हणजे खडूची पूड आणि जवसाचं तेल. कोरड्या लाकडावर थेट लावली तर लाकूड तिचं तेल शोषून घेतं आणि ती लवकर भुगा होते. म्हणून आधी खाचेला तेलाचा किंवा प्रायमरचा हात. नंतर लांबीचा पातळ थर, त्यावर काच, मग बारीक चुका ठोकून काच अडकवायची, आणि वरून लांबीचा उतार द्यायचा, पाणी बाहेर वाहील असा. (सुतारकामात चुका मोजून कराव्या लागतात, हा बाबांचा विनोद. त्या आठवड्यात मी तो चार वेळा ऐकला.) काच नवी आणायची असेल तर खाचेच्या मापापेक्षा दोन्हीकडून तीन मिलिमीटर कमी कापून घ्यावी. घट्ट बसवलेली काच लाकूड फुगलं की तडकते.

आम्हाला नवी लागली नाही. जुनी काढून पुसताना तिच्या कोपऱ्यात एक पिवळट तिरका पट्टा दिसला, काही केल्या जाईना. बाबा म्हणाले, "राहू दे. एकाहत्तरचा आहे." १९७१च्या डिसेंबरात, युद्धाच्या ब्लॅकआउटमध्ये, त्यांनी काचांना तपकिरी कागद आणि वरून आडव्या-तिडव्या पट्ट्या खळीने चिकटवल्या होत्या. स्फोटाच्या हादऱ्याने काच फुटली तर तुकडे उडू नयेत म्हणून. तेव्हा त्यांचं लग्नही व्हायचं होतं. मी त्या काचेतून जन्मभर बाहेर बघत आले, आणि तो डाग मला पन्नाशी जवळ आल्यावर दिसला.

जुना तैलरंग खरवडताना बाबांनी पाणी लावून घासायला लावलं. त्यांचं कारण धूळ उडू नये हे होतं. त्यापेक्षा मोठं कारण मी नंतर वाचलं. जुन्या तैलरंगांत शिसं असू शकतं. घरगुती रंगात ते ९० पीपीएमपेक्षा जास्त नको हा नियम आपल्याकडे २०१६ साली झाला. तेव्हा जुन्या घरात कोरडं घासू नये, आणि आसपास लहान मूल असेल तर अजिबात नाही.

जुलै आला आणि उजवी झडप, जी तोवर गुणी होती, ती अडायला लागली. आता मला हुरूप आलेला. पेटीत रंधा होता, तो घेऊन बाबांना म्हटलं, दोन हात मारू का?

"दिवाळीपर्यंत थांब," ते म्हणाले.

लाकूड लांबीत जवळजवळ वाढत नाही, रुंदीत वाढतं. हवेतला ओलावा पिऊन आमच्या झडपेच्या तीन-तीन इंची दोन उभ्या पट्ट्या मिळून पावसाळ्यात दीड-दोन मिलिमीटर फुगत असतील. चौकटीत फटच तेवढी ठेवलेली असते. जुलैत रंधा मारला की खिडकी लगेच शहाण्यासारखी लागते, आणि जानेवारीत त्याच जागी वाऱ्याला वाट मिळते. आमच्या स्वयंपाकघराची खिडकी तशीच होती. कुणीतरी भर पावसात तासलेली, तेव्हापासून थंडीत तिच्यात बोळा. काढलेलं लाकूड परत लावता येत नाही. मग तोवर काय करायचं? चौकटीच्या कडेला खडू फासून झडप लावायची, खडू झडपेवर जिथे उमटेल तिथे ती घासतेय. तिथे रंगाचे थर साचले असतील तर तेवढेच घासून काढायचे, आणि त्यावर मेणबत्ती चोळायची. उघड्या पडलेल्या लाकडाला, विशेषतः खालच्या कडेला, रंगाचा हात द्यायचा, कारण ओलावा तिथूनच आत शिरतो आणि खालची कड कुणी कधी रंगवलेली नसते. एवढं करूनही दिवाळीनंतर झडप अडली, तर ती खरी अडते. मग रंधा.

दिवाळीत ती आपोआप मोकळी झाली. बाबांनी "बघ" सुद्धा म्हटलं नाही.

"तुमच्या लाकडी खिडक्यांचं कौतुक पुरे, आमच्याकडे अॅल्युमिनियमच्या सरकत्या आहेत," असं कुणी म्हणेल. माझ्याही मुलुंडच्या घरी त्याच आहेत. तिथे पाणी आत येतं म्हणून लोक आधी सिलिकॉनची नळी आणतात. त्याआधी खालच्या पट्टीची खाच साफ करा. पट्टीला बाहेरच्या अंगाने बारीक भोकं असतात, खाचेत पडलेलं पाणी बाहेर जायला. ती धूळ आणि कबुतरांच्या कृपेने बुजलेली असतात, किंवा कुणा हुशार माणसाने त्यांवरच सिलिकॉन फासलेलं असतं. काडीने मोकळी करून खाचेत पेलाभर पाणी ओता. ते बाहेर गेलं तर निम्मा प्रश्न संपला. सरकायला जड जात असेल तर तेल घालू नका, तेलावर धूळ बसून लेप होतो. त्यापेक्षा मेण बरं. तरीही जड असेल तर खालची चाकं झिजलेली असतात, ती बदलून मिळतात. आणि पाणी चौकटीच्या कडेने येतंय की वरच्या भिंतीतून, हे ओळखायला कोरड्या दिवशी नळी धरून खालून वर, थोड्या थोड्या भागावर पाणी सोडायचं. जिथे सोडल्यावर आत ओल येते, तिथे दोष. उलट, वरून सोडलं तर सगळंच ओलं होतं आणि कळत काहीच नाही. सिलिकॉन भरायचंच असेल तर जुनं पूर्ण खरवडून, भिंत ठणठणीत वाळल्यावर. म्हणजे पुन्हा पावसाळ्यानंतरच.

असो. तपशील पुष्कळ झाला. मला त्यातून जे उमगलं ते थोडकंच आहे. खिडकी बंद होते का, एवढंच आपण विचारतो, कारण त्रास तिथे होतो. पाऊस, धूळ, डास, चोर, सगळे उघड्या खिडकीतून येतात. उघडत नाही याचा त्रास हळू होतो, आणि तो बहुतेक वेळा घरात जो सर्वांत कमी बोलतो त्याला होतो. भिंतीला बुरशी धरते, स्वयंपाकघरात धूर कोंडतो, खाटेवरच्या माणसाला दिवस कळेनासा होतो. आणि आग लागली तर? पेटीच्या ग्रिलला बाहेर पडायला एक उघडणारा भाग असतो, त्याला आपण कुलूप लावतो आणि किल्ली कुठे आहे ते कुणालाच माहीत नसतं. आमच्याकडेही ते कुलूप गंजून एकसंध झालं होतं. ते कापून नवं लावलं, किल्ली आता खिडकीशेजारी खिळ्याला टांगलेली असते.

बाबा २०२२च्या मार्चमध्ये गेले. खाट शेवटपर्यंत तिथेच होती. दोन पावसाळे त्यांनी त्या खिडकीत काढले, पाऊस आला की "लाव", थांबला की "उघड". आईला त्याचा वैताग यायचा, पण आता तीच दिवसातून दहा वेळा उघड-लाव करत असते. इमारत कधीतरी पुनर्विकासाला जाईल तेव्हा सरकत्या खिडक्या येतील, छानच असतील. दोन पल्ल्यांच्या सरकत्या खिडकीत एका वेळी अर्धीच जागा उघडी होते, एवढं फक्त नकाशा बघताना लक्षात ठेवायचं.

एखाद्या रविवारी घरातली प्रत्येक खिडकी एकदा पूर्ण उघडून बघा. लावून नव्हे, उघडून. जी उघडणार नाही तिच्याशेजारी कोण बसतं, तेही बघा.